घरामागे एक चावी

पनवेल,
१८ जानेवारी २०१५

यासीन,

सलाम. मस्कतचा तुझा पोस्ट बॉक्स नंबर अम्मीने मला दिलेला नाही. तू घातलेली शपथ तिने पाळली आहे. तो मला यूनुसचाचांनी दिला. जमातीचे सेक्रेटरी, सगळ्या मोहल्ल्याचे पत्ते त्यांच्याकडे, आणि गोड बोलून मागितलं की ते कुणालाही काहीही देतात. हे तुला मी सांगायला नको.

फोन करणार नाही. एक तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मला रडू येईल. कागदावर येत नाही. मराठी शाळेत आपण दोघांनी इतके निबंध लिहिले की अजूनही समोर कागद आला की मी शहाण्यासारखी वागायला लागते.

अम्मीचे गुडघे तसेच आहेत. डॉक्टर म्हणतात जिना चढू नका, आणि आपलं घर दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे डॉक्टरांचं ऐकायचं तर तिने टपाल नाक्यावर बिछाना टाकायला हवा. तिथलं खोदकाम अजून चालूच आहे. माझी बालवाडी ठीक. यंदा वर्गात एक आगाऊ मुलगी आहे, ती रोज विचारते, टीचर तुमच्या घरी कोण असतं? मी सांगते, माझी अम्मी असते. मग ती विचारते, अजून कोण? मी तिला पाटीवर रेघोट्या मारायला बसवते.

आता कामाचं लिहिते. मला पेटीतले माझ्या तूबाचे फोटो हवेत. आणि तिचे आवाज.

माझ्या फोनमध्ये काही राहिलेलं नाही. तूच तशी सोय करून दिली होतीस: फोटो काढला, आवाज टेप केला की तो आपोआप जमातखान्यातल्या त्या कॉम्प्युटरच्या पेटीत जायचा आणि फोन रिकामा व्हायचा. स्वस्तातले फोन सगळ्यांचे, त्यात जागा ती किती. मोहल्ल्यातल्या बायका तुला दुवा देत होत्या. तूबाच्या जन्मापासूनचे जुने फोटोसुद्धा तू माझ्याकडून मागून घेऊन तिथेच चढवलेस, सगळं एका जागी नीट राहील म्हणून. नीट राहिलं.

काल मी जमातखान्यात जाऊन आले. त्या मागच्या खोलीत आता नुसत्या लग्नाच्या देगा रचून ठेवल्या आहेत. पेटीच्या डोक्यावरचा पंखा कुणीतरी स्वयंपाकाकडे नेऊन लावलाय. तू जाताना डिस्क बरोबर नेल्यास का? नेल्या असशील तर कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवून दे. आपटा गावच्या आत्याचा मुलगा फेब्रुवारीत येतोय असं ऐकलं. बाकी माझ्याशी काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मीही आग्रह करत नाही.

तूबा अजून तिकडेच, कुवेतला तिच्या बापाकडे आहे. केस समीक्षाच बघते, ती म्हणते मार्चमध्ये कोर्टात काहीतरी हालेल.

तुझी आपा,
मुबीना


पनवेल,
२६ एप्रिल २०१५

यासीन,

उत्तर नाही. पत्र पोचलं हे मला कळलंय, कारण मागच्या जुम्म्याला फोनवर अम्मीने माझं नाव काढलं आणि तू गप्प झालास. अम्मीला वाटलं लाइन कटली. ती बराच वेळ हॅलो हॅलो करत होती.

मार्चमध्ये काही हाललं नाही.

मी कधीकधी विचार करते की माझंच काही चुकतंय का. मीच काहीतरी उलटसुलट धरून बसले असेन. म्हणून झालं ते सगळं ओळीने लिहून काढते, कुठे चुकले तर तू दुरुस्त कर. तुला लहानपणापासून माझ्या चुका काढायची हौस आहे.

जमातखान्यात तू उभा राहिलास तो दिवस मला चांगला आठवतो. जासईच्या कंटेनर यार्डातली तुझी कॉम्प्युटरची नोकरी नुकतीच पक्की झाली होती आणि त्यांनी भंगारात काढलेलं एक मशीन तू रिक्षात मांडीवर घेऊन आणलं होतंस. तू म्हणालास, आपल्या घरचे फोटो, आपल्या बायकांचे आवाज, पोरांचे दाखले, सगळं परक्या कंपनीच्या घरात पडलंय. ते लोक आपलं सगळं वाचतात, त्यावर धंदा करतात. कोण आहेत ते? आपण कुणी त्यांचं तोंड तरी पाहिलंय का? आपली पेटी आपल्या घरात ठेवू. यूनुसचाचांनी डोळे पुसले. ते कशालाही डोळे पुसतात, पण त्या दिवशी पडद्यामागे आम्ही बायकाही पुसत होतो. माझा भाऊ बोलत होता आणि आख्खी जमात ऐकत होती. मला इतका अभिमान वाटला होता यासीन, की नंतर वाटलेली लाज त्याच्याच मापाची होती.

मग चाचांनी विचारलं, चाव्या कशा वाटायच्या? तू म्हणालास, नेहमीसारख्या. घरामागे एक.

आपल्याकडे सगळं घरामागेच चालतं. वर्गणी घरामागे, दावतीचं बोलावणं घरामागे, कुर्बानीचा वाटा घरामागे. चावी म्हणजे नुसता पासवर्ड, पण तोही घराच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर, मग तो कर्ता आखातात असो नाहीतर अंथरुणाला खिळलेला असो. दुसरं काही कुणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही.

मी तेव्हा अम्मीकडे राहत होते. कुवेतहून तूबाला घेऊन मी कायमची परत आले होते आणि का आले ते तुला ठाऊक होतं. माझ्या खांद्याचा एक्सरे काढायला तूच मला घेऊन गेला होतास, खड्डा आला की माझा हात धरत होतास. पण जमातीत लग्न झालेली बाई नवऱ्याच्या घरात मोजतात. तू माझा फोन पेटीला जोडलास तो अदीबच्या घरात. मला विचारलं नाहीस, कारण त्यात विचारण्यासारखं होतं काय? मी समजत होते मी अम्मीच्या घरात आहे. पेटी समजत होती मी अदीबच्या.

मग अदीबने कुवेतहून तुला फोन केला. तो काय म्हणाला ते तूच मला नंतर सांगितलंस, मान खाली घालून: "यासीन, पोरीचे फोटो तरी बघू दे रे. बाप आहे मी तिचा. घराची चावी माझी आहे ना?" आणि तू दिलीस. तुला भरून आलं होतं. तुला वाटलं, मुलीचे फोटो बघून याचं मन पाझरेल, आपाचा संसार रुळावर येईल. ईदला मला ही गोड बातमी द्यायची असं तू ठरवलं होतंस.

त्याने फोटो बघितले असतीलही. पण त्याच पेटीत त्याने मला फोनवर दिलेल्या धमक्या होत्या, मी टेप केलेल्या. समीक्षाशी माझं झालेलं बोलणं होतं. आणि तिने टाइप करून दिलेल्या अर्जाचा फोटो होता, की बापाला मूल देशाबाहेर नेऊ देऊ नये. कागद घरात ठेवायला मला भीती वाटली म्हणून मी फोटो काढून कागद तिला परत दिला होता. ईदनंतर कोर्ट उघडलं की तो दाखल करायचा होता.

ईदला मूल सकाळी आजोळी शीरखुर्मा खाऊन दुपारी बापाच्या घरी सलामाला जातं. तूबा दर ईदला तळोज्याला जायची, ईदी गोळा करायची आणि संध्याकाळी परत यायची. त्या ईदलाही मी तिला हिरवा शरारा घालून पाठवलं. अदीब आदल्या दिवशीच येऊन घरात लपून बसलाय हे मला कोण सांगणार? तिचा पासपोर्ट आम्ही कुवेतहून उतरलो तेव्हाच सासूने ठेवून घेतला होता. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा सासू म्हणाली, "बापाबरोबर गेली. बापाबरोबर जाणं काय गुन्हा हाय?"

समीक्षा मला आधीच म्हणाली होती, मुबीना, असल्या गोष्टी त्या कंपनीच्या फुकटच्या मेलमध्ये टाक, तिथे तुला कुणी ओळखत नाही. वकील आहे, असली प्रकरणं रोज बघते. मी तिला काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, परक्याकडे कशाला, माझा भाऊ आहे ना.

जिन्यात मी तुला जे बोलले ते सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. तू माझा भाऊ नाहीस, असं म्हटलं होतं. ते मी परत घेत नाहीये. पण फोटो पाठव.

मुबीना


पनवेल,
२ ऑगस्ट २०१५

यासीन,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं मी नीट लावू शकले नाही म्हणून पुन्हा वाचलं. नीटच लागलं होतं.

तर फोटो नाहीत. पेटीतच काही नाही, आणि पेटीही नाही.

तू लिहितोस की तूबाला नेल्याची गोष्ट मोहल्ल्यात पसरली आणि माणसं तुझ्याकडे यायला लागली. तुला वाटलं शिव्या घालायला येतायत, पेटी बंद कर म्हणायला. पण एकेकाने तुला बाजूला घेऊन विचारलं, आमच्या घरची चावी कुठाय रे? बायकोचं बोलणं ऐकता येतं म्हणे त्यात? अदीबला दिलीस, मग आम्ही काय घोडं मारलं? जुम्म्याची नमाज झाल्यावर जमातखान्याच्या पायरीवर रांग लागली. आणि त्या रांगेत यूनुसचाचा. त्यांना सुनेचं ऐकायचं होतं.

चाचांचं नाव वाचून मला हसू आलं. खरंच आलं. अम्मीने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं, यासीनने काय लिवलंय? मी म्हटलं, तब्येत विचारतोय.

मग तू आतून कडी लावलीस आणि सगळ्या घरांचं सगळं पुसलंस. एकदा पुसून भागेना म्हणून त्यावर काहीबाही भरून पुन्हा पुसलंस, आणि मग डिस्क फोडून गाढी नदीत टाकून दिल्यास. कुणी कितीही हुशार आला तरी त्याच्या हाती काही लागू नये. तू कामाला पक्का, हे सगळे म्हणतात ते खोटं नाही.

मोहल्ल्यातल्या किती बायकांना तू वाचवलंस ते त्यांना ठाऊकही नाही. त्या अजून तुझ्या नावाने बोटं मोडतात, लग्नाचे फोटो बुडवले, पोरांची बारशी बुडवली म्हणून. मी गप्प बसते. सांगायला गेले तर प्रत्येक जण विचारेल, रांगेत माझा नवरा होता का? आणि तुझ्या पत्रात चाचांशिवाय कुणाचं नाव नाही. कदाचित तू बरोबरच केलंस.

पण यासीन, तूबाचे तेवढे बाजूला काढायचे होते रे.

तू लिहितोस, बाजूला काढायचे तर आधी उघडून बघावे लागले असते, आणि कुणाचंही काही उघडून बघणार नाही अशी तू जमातीसमोर कुराणाची शपथ घेतली होतीस. तुझी शपथ मला माहीत आहे, मी पडद्यामागून ऐकली होती. अदीबला चावी देताना ती आडवी आली नाही. माझ्या मुलीला वाचवताना आली. यावर मला तुझ्याशी भांडायचं होतं, आठवडाभर मनात भांडलेही, पण आता तेवढा जोर राहिलेला नाही.

त्यात एक टेप होती. तूबाला तेव्हा पनवेल म्हणता यायचं नाही, ती पलवेन म्हणायची. मी मुद्दाम तिला पुन्हा पुन्हा विचारत होते, तू कुठे राहतेस, तू कुठे राहतेस, आणि ती चिडत चिडत पलवेन पलवेन म्हणत होती. शेवटी तिने माझा फोन आपटला, तो आवाजही त्यात होता. आता मी तो आठवायला जाते तेव्हा मला कळत नाही की हा तिचा आवाज आहे की मीच माझा आवाज बारीक करून मनात बोलतेय. महिन्याभरापूर्वी कळत होतं.

यंदाच्या ईदला अम्मीने शीरखुर्मा केला नाही. शेजारच्यांनी दिला तो आम्ही दोघींनी खाल्ला, आणि चांगला झाला होता.

मुबीना


पनवेल,
११ डिसेंबर २०१६

यासीन,

खूप दिवसांनी लिहितेय. तू अम्मीला पाठवलेलं औषध पोचलं, ती गुडघ्याला लावते आणि घरभर त्याचा वास येतो.

कोर्टाचं संपलं. संपलं म्हणजे निकाल लागला असं नाही, पण संपलं. अदीबच्या तळोज्याच्या पत्त्यावर नोटीस गेली, सासूने सांगितलं मुलगा इथे राहत नाही. मूल हद्दीत नाही. हुकूम मिळाला तरी तो बजावायचा कुणावर, असं समीक्षा म्हणते, आणि असं म्हणताना ती माझ्याकडे न बघता फाइलकडे बघते. शेवटच्या तारखेला जजसाहेबांनी विचारलं, नवरा धमक्या द्यायचा म्हणता, त्या रेकॉर्डिंग कुठे आहेत? मी म्हटलं, नदीत. समीक्षाने माझा हात दाबला. साहेबांना वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि कागदोपत्री त्यांनी तसं काहीतरी घेतलंसुद्धा.

मी नवा फोन घेतला. त्यात शिरताच कंपनीने विचारलं, तुमचे फोटो आम्ही सांभाळू का? मी हो म्हटलं. तुमचा पत्ता, तुमच्या ओळखीचे लोक, तुम्ही कुठे जाता? हो, हो, हो. आता तिला माझं सगळं ठाऊक आहे. मी कुवेतच्या विमानाचं भाडं बघते हे कुणालाच माहीत नाही, अम्मीलाही नाही, पण तिला माहीत आहे, आणि दुसऱ्या दिवशी ती मला सुटकेसच्या जाहिराती दाखवते. तू जमातखान्यात सांगितलं होतंस त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. ते वाचतात, त्यावर धंदा करतात. पण वाचून ते तळोज्याला फोन करत नाहीत.

हे मी सुटले म्हणून लिहीत नाहीये. मला काहीही बरं वाटत नाही. आपल्या माणसांपासून लपायला मी परक्याच्या घरात शिरले आहे, आणि तो परका खिशात हात घालून माझ्या मागेमागे फिरतो. एवढंच की त्याला माझं नाव घ्यायचं कारण नाही.

जमातीनेही सगळं तिकडेच नेलं. फोनवर ग्रुप आहे. यूनुसचाचा सकाळी गुलाबाचं फूल आणि खाली दुआ पाठवतात, मयताच्या खबरा देतात, आणि मध्येच कुणाच्या तरी पोराचा मार्कशीटचा फोटो. तुझ्यासारखं कुणाला तळमळीने काही सांगावं लागलं नाही, सगळे आपोआप गेले. बायकांना ग्रुपमध्ये घेतलेलं नाही. घरामागे एक नंबर. आपल्या घरात पुरुष नाही म्हणून खबरा आम्हाला शेजारून कळतात.

परवा अम्मी मला म्हणाली, "यासीनवर किती दिवस राग धरशील? पोराने आपला समजून दिली चावी."

मी म्हटलं, "तेच तर, अम्मी."

"मग काय, परक्याला दिली असती तर बरं झालं असतं?"

"परक्याने मागितलीच नसती."

ती गुडघा चोळत म्हणाली, "आमी तर सगळं आपल्याच लोकांना सांगून जगलो. आमचं काय वाईट झालं नाय." मी तिला विचारणार होते, अब्बांनी तुझे दागिने विकले ते तू आम्हाला कधी सांगितलंस? पण नाही विचारलं. म्हाताऱ्या माणसाकडे एवढंच उरलेलं असतं, की आपले लोक आपले होते.

तुझ्यावर राग धरून मी थकले. पण राग सोडायचा म्हणजे त्याच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं, आणि माझ्याकडे ठेवायला काही नाही.

मुबीना


पनवेल,
१७ फेब्रुवारी २०१९

यासीन,

हे पत्र अम्मीला माहीत नाही आणि तिला सांगू नकोस. फोनवर तर मुळीच बोलू नकोस.

बालवाडीच्या मोठ्या बाईंनी आम्हा सगळ्या शिक्षिकांना त्या निळ्या अॅपवर खातं उघडायला लावलं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो तिथे टाकायचे असतात, पालक बघतात. मी आतापर्यंत टाळलं होतं, या वेळी टळलं नाही. खातं उघडलं की ते माणसं सुचवायला लागतात. खाली लिहिलेलं असतं, तुम्ही यांना ओळखत असाल. आधी आमचा दूधवाला आला. मग समीक्षा, मग आत्याचा मुलगा, मग बिल्डिंगमधला जिना झाडणारा. मी एकेकाला बघून हसत होते. आणि मग एक मुलगी आली.

तोंडाला कुत्र्याचे कान आणि नाक लावलेलं होतं, हल्ली पोरं लावतात तसं. अर्धा चेहरा केसांनी झाकलेला. नाव नीट लिहिलेलं नव्हतं, इंग्रजी अक्षरं आणि चांदण्या. पण हनुवटी अम्मीची होती. मला खात्री करावी लागली नाही, यासीन. नाव मी नंतर वाचलं.

बारा वर्षांची झाली ती. पुढचे दात आता मोठे आहेत.

मी समीक्षाकडे गेले. ती म्हणाली, कंपनी हे हवेतून काढत नाही. तुझ्याकडे तिचा नंबर नाही, म्हणजे तिच्या फोनमध्ये तुझा असणार. तूबा बालवाडीत होती तेव्हा मीच तो तिच्याकडून घोकून घेतला होता, हरवलीस तर पोलीसकाकांना हा सांगायचा म्हणून. माझा नंबर तोच आहे, मी बदलला नाही, का बदलला नाही ते तू समजू शकतोस. तिने तो इतकी वर्षं डोक्यात ठेवला आणि फोन हातात आल्यावर त्यात घातला. कुठल्या नावाने घातला ते मला माहीत नाही. अम्मी म्हणून घातला असेल, किंवा कुणाला कळू नये म्हणून एखाद्या मैत्रिणीच्या नावाने. त्या कंपनीला माहीत आहे. जगात कुठल्या तरी थंड खोलीत ते नाव लिहिलेलं आहे आणि माझ्यापर्यंत ते यायचं नाही.

मला काय करावंसं वाटलं ते लिहीत नाही.

तिच्या खात्यावर मोजकी माणसं आहेत आणि सगळ्यात वर अदीब आहे. खातं त्यानेच काढून दिलं असणार, पासवर्डही त्याच्याचकडे असणार, तो असाच आहे. मी मैत्रीची विनंती पाठवली की ती आधी तो बघणार. मग तिला विचारणार, या बाईला तुझा पत्ता कसा लागला? मग तिचा फोन मागून घेणार, आणि त्यात माझा नंबर सापडणार. पुढे काय होतं ते माझ्या खांद्याला विचार.

काही न करता नुसतं बघत राहीन असं मी म्हटलं. समीक्षा म्हणाली, तसंही चालणार नाही. तुला ती सुचवली म्हणजे तिकडे तूही सुचवली जात असशील, तुझ्या नावाचं नवं खातं तिच्या पडद्यावर येत असेल. तो बघत असेल तर आज ना उद्या बघेल. मी म्हटलं, माझं खातं बंद करते. ती म्हणाली, नंबर एकदा गेला तो गेला, ते लोक जोडत राहतात. पक्कं करायचं तर तिला ब्लॉक कर, म्हणजे दोन्हीकडून दिसणं बंद होतं. बोलताना तिच्या लक्षात आलं असावं ती काय सांगतेय, कारण ती मध्येच उठून पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी मुलं डबे खात होती तेव्हा मी ते केलं. एकटीने घरी बसून केलं असतं तर झालं नसतं. फोटो ठेवून घेतलास का, असं तू विचारशील. नाही घेतला. माझ्या फोनमधलं सगळं आता कंपनीकडे जातं, आणि चेहऱ्यावरून ते पुन्हा काही जोडणार नाहीत असं समीक्षा म्हणते. तू पण असंच म्हणायचास, आपा, काही होत नाही. मी कुणाचं खरं मानू? तूबा पडद्यावर माझ्यापुढे होती तेवढा वेळ मी तिला बघितलं. एका मुलाचा डबा उघडत नव्हता तो मध्ये उघडून दिला आणि पुन्हा बघितलं.

तू त्या खोलीत कडी लावून बसला होतास, तुझे हात कसे चालले असतील, याचा मी इतकी वर्षं विचार करत होते. चालतात. तुला माफ केलं असं लिहायला मी बसले होते, पण तो शब्द आता कुठे लावायचा ते मला समजत नाही. तू तिचं वाईट केलं नाहीस, मीही केलं नाही. आपण दोघांनी तिला जपलंच, आणि आज ती मला शोधायला निघाली तर तिला मी सापडणार नाही.

ब्लॉक करताना फोन कारण विचारतो. खाली लिहिलेलं असतं त्यातलं एक निवडायचं: त्रास देते, खोटं खातं आहे, वाईट मजकूर टाकते, मी या व्यक्तीला ओळखत नाही. आई आहे, मुलगी आहे, असं काही त्यात नाही. न निवडता पुढे जाता येत नव्हतं. बाकीच्यांत तिच्यावर काहीतरी आळ येत होता, म्हणून मी शेवटचं निवडलं.

तुझी आपा,
मुबीना